न आलेला चार

भाऊजींना जुगार मी शिकवला नाही. सिंदीत तेव्हा कोण खेळत नव्हतं? न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव मुंबईला यायचा, तिथून कुणा दलालाला तार यायची, आणि भावाचा शेवटचा आकडा संध्याकाळी स्टेशनापासून बाजारापर्यंत तोंडोतोंडी पसरायचा. ज्यानं तोच आकडा लावला असेल त्याला एकाचे नऊ.

भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. जिनाच्या फाटकाबाहेर निंबाखाली एक मुका बावा बसे. त्यानं बोटं वर केली, पायानं माती उकरली, की लोक त्यातून आकडा काढत. भाऊजीही काढायचे. आणा लावायचे आणि हरले की घरी येऊन हसायचे, "आज बावाले नुसती खाज सुटली होती व!"

मी नागपूरला कॉलेजात गणित शिकत होतो. दिवाळीच्या सुटीत ताईकडे आलो, आणि मला हा सगळा अडाणीपणा वाटला.

"भाऊजी, मुक्याच्या बोटात काय हाय? जो आकडा लय दिवस आला नाई, तो धरा. हरले तं दुसऱ्या दिवशी दुप्पट लावा. एकडाव आला का मागचं सारं भरून निघते."

"अन् नाईच आला तं?"

"दहाच तं आकडे हायेत. कुठं जाईन? गणित हाय ते."

"मास्तर म्हणते तं पक्का काटा," ते माझ्याकडे बोट करून ताईला म्हणाले.

बरेच दिवस न आलेला आकडा चार होता.

आण्याचा रुपया कधी झाला कळलं नाही. रुपयाचे सोळा व्हायलाही तेवढेच दिवस लागले. भाऊजींचं हसणं थांबलं. हरलेल्या आण्यावर हसता येत होतं, पण हा चार तर यायचाच होता. संध्याकाळी स्टेशनाकडून माणसं परतताना दिसली की ताईची फुंकणी चुलीशी तशीच थांबायची.

एका दुपारी मी ओसरीवर कागद घेऊन बसलो आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. चार किती दिवस आला नाही, हे चाराला ठाऊक नसतं. रोज त्याची पाळी दहातली एकच. काल होती तेवढीच आज.

तेवढ्यात भाऊजी कोट घालून निघाले. जिनाच्या शेठनं कास्तकारांना वाटायला दिलेले कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे त्या कोटात होते. मला ते माहीत होतं.

"आज येते ना, मास्तर?"

मला चुकलो म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "येते."

त्या संध्याकाळी सात आला. भाऊजी घरी आले नाहीत. कुणी त्यांना बडनेऱ्याकडच्या पॅसेंजरमध्ये चढताना पाहिलं, एवढंच पुढं कळलं.

सकाळी जिनातली माणसं पैसे विचारत दारात जमली. ताई म्हणाली, "त्या बावानंच घात केला माह्या घराचा." माणसं तशीच निंबाकडे गेली. त्यांनी बावाला काठ्यांनी हाणलं, त्याचं घोंगडं रस्त्यावर भिरकावलं. तो नुसते हात जोडत होता, आणि गर्दीत एक जण ओरडला, "पाय, आताबी दहा दाखवून राह्यला!" लोक हसले. मी फाटकाशी उभा होतो. बावा पुन्हा सिंदीत दिसला नाही.

मी गणिताचा मास्तर झालो. केस पिकायला लागले तेव्हा, मागच्या दिवाळीत, ताईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले मालूम हाय. ते रोज म्हणत, मास्तरचं गणित हाय, चुकत नाई."

"मंग तू बावाचं नाव काऊन घेतलं?"

"तुले नोकरी लागाची होती ना."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग तो चार आला का रे कधी?"

आला होता. भाऊजी गेले त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी.

"मले नाई माहीत," मी म्हणालो.