लहान पातेल्यातला कांदा

अख्खी इमारत तिला सूनबाई म्हणायची. सासरे दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचे, ती ऐकून ऐकून दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. बाई बेचाळिशीला आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जगाची सूनच. एकदा चिकटलेलं नाव घासूनही निघत नाही.

सासऱ्यांना लोक वस्ताद म्हणत. कारखान्याच्या कँटीनमध्ये अडतीस वर्षं ते मुख्य आचारी होते. एका वेळी पाचशे माणसांचं रांधायचे, आणि कुणी ताटात टाकलेलं दिसलं की झारा हातात घेऊन त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे. भांडायला नाही हो, विचारायला. काय कमी पडलं, मीठ की तिखट? आता दात गेले होते, कान अर्धे गेले होते, पण जीभ शाबूत होती आणि नजर सुनेच्या ओट्यावर होती. चाखत नाही तो आचारी नाही, हे वाक्य घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल.

सूनबाई डबे करायची. पहाटे उठून कोंबडी, काळीज, गाजर, लाल भोपळा आणि भात मऊ शिजवायचा, घोटायचा, गार करून नऊ डब्यांत भरायचा आणि सायकलला पिशव्या अडकवून घरोघर पोचवायचा. डबे कुणाचे, तर दवाखान्यातल्या पेशंटांचे. वस्तादांना तिने असंच सांगितलं होतं, इमारतीतही असंच सांगितलं होतं. आता अगदीच थाप म्हणता येणार नाही. दवाखाना होता, पेशंट होते, पथ्यही होतं. फक्त पेशंटांना शेपट्या होत्या.

शाळेचं स्वयंपाकघर बंद पडलं आणि ती घरी बसली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई कुणीतरी स्वच्छ हाताची स्वयंपाकीण शोधत होत्या. पुड्यातलं खाणं न सोसणाऱ्या कुत्र्यांना घरचं मांस आणि भाज्या शिजवून हव्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून यादी लिहून दिली. कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही, मसाला नाही, द्राक्षं-मनुका नाहीत, हाडं नाहीत. कांद्याखाली दोन रेघा मारल्या. कांद्याने कुत्र्याच्या रक्ताची नासाडी होते, आणि ती लगेच नाही, दोन-चार दिवसांनी कळते, असं निक्षून सांगितलं. सूनबाईने यादी चिकटवली ती कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने, पिठाच्या डब्यामागे. बाहेर लावली असती तर वस्तादांनी वाचली असती ना.

त्यांच्यापासून एवढं लपवायचं कारण जुनं होतं. लग्न होऊन आठवडा झाला होता, घरात आठ-दहा पाहुणे होते आणि नव्या नवरीने मटणाचा रस्सा केला होता. वस्तादांनी चमचाभर चाखला आणि भर पंक्तीत म्हणाले, "हे कुत्रंसुद्धा खाणार नाही." सगळे खो खो हसले. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. पुढे त्याच माणसाने तिला हाताला धरून सगळं शिकवलं, मुलीसारखं शिकवलं, आणि ते वाक्य विसरूनही गेला. ती विसरली नव्हती. आता अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं की बाबा, तुमच्या हाताखाली अठरा वर्षं शिकून मी हेच करते? नवऱ्याला सगळं माहीत होतं, पण तो ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. त्या चार दिवसांत अळीमिळी गुपचिळी.

आणि खरं सांगायचं तर तिची तिलाच लाज वाटायची. ती पातेलं ढवळायची, गाजराची फोड बोटाने दाबून बघायची, पण त्यातलं जिभेवर कधी ठेवलं नाही. घरचं वरण दोनदा चाखणारी बाई, त्या पातेल्यांपाशी ओठ मिटून उभी राहायची. चाखलं नाही म्हणजे जणू आपण ते केलंच नाही.

ओट्यावर दोन पातेली असायची. मोठ्यातलं आठ डब्यांचं, लहानातलं फक्त शेटचं. शेट म्हणजे निवृत्त ग्रंथपालबाईंचा कुत्रा. चौदा वर्षांचा, मांजरापेक्षा जरा थोराड, पण जेवण वाढेपर्यंत असा ऐटीत बसायचा की पेढीवरचा मालकच. त्याचे दात पडले होते, पोट नाजूक होतं, म्हणून त्याचं वेगळं. वस्तादांनी एकदा विचारलं, हे लहान पातेलं कुणाचं गं? सूनबाई बोलून गेली, एक म्हातारे गृहस्थ आहेत, दात नाहीत, घास उतरत नाही, चार घास खातात आणि तोंड फिरवतात. एक खोटं बोललं की त्याला कपडे घालावे लागतात, टोपी घालावी लागते. महिन्याभरात त्या गृहस्थांना चष्मा आला, गुडघेदुखी आली, परगावी राहणारा मुलगासुद्धा आला.

वस्तादांचा त्या म्हाताऱ्यावर जीव बसला. दात यांनाही नव्हते, तोंडाला चव यांनाही कमीच होती. संध्याकाळी ती दारात चप्पल काढते न काढते तोच प्रश्न यायचा, "काय म्हणाले आमचे म्हातारबुवा? जेवले का?" ती म्हणायची, थोडं ठेवलं. वस्तादांचा चेहरा पडायचा. आपल्या घरून गेलेलं अन्न परत येतं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागायची.

एक दिवस सूनबाई आंघोळीला गेली असताना त्यांनी लहान पातेल्यातलं बोटभर चाखलं. ना मीठ, ना मसाला, ना काही. त्यांना सुनेची कीव आली आणि त्या म्हाताऱ्याची त्याहून जास्त. डॉक्टर लोकांना चवीतलं काय कळतं? त्यांनी दोन कांदे अगदी बारीक चिरले, लोण्यावर गुलाबी परतले, वाटून मऊ केले आणि कुणाला दिसणार नाही असे पातेल्यात मिसळले. वर चिमूटभर मीठ. सूनबाईला त्या आठवड्यात जबर सर्दी होती, नाक चोंदलेलं, कांदाच काय, जळका टायरसुद्धा कळला नसता. चाखायची तर सवयच नव्हती.

दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला, की शेटने आज वाडगं चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि अजून हवंय म्हणून वाडगं ढकलत फिरतोय. नवा भोपळा गोड निघाला असेल, असं सूनबाईला वाटलं. संध्याकाळी तिने वस्तादांना हसत सांगितलं की म्हातारबुवांनी आज सगळं संपवलं, वर आणखी मागितलं. वस्ताद नुसते मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन कांदे घातले. तिसऱ्या दिवशीही तीन.

पाचव्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाई दवाखान्यातून बोलत होत्या आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. शेट उठत नव्हता. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, लघवी चहाच्या रंगाची होत होती. सूनबाई सायकल टाकून धावली. डॉक्टरीणबाईंनी तिला कोपऱ्यात घेऊन एकच विचारलं, जेवणात कांदा गेला का? ती म्हणाली, नाही. चुकून? नाही हो, शपथ घेते, घरात वेगळी विळी ठेवते मी. ती इतकी ठाम होती की डॉक्टरीणबाईंनी दुसरीच कारणं धुंडाळायला घेतली. तरी जाता जाता म्हणाल्या, काल-परवाचं उरलेलं असेल तर घेऊन या, बघू.

फ्रीजमध्ये परवाचं वाटीभर उरलं होतं. एव्हाना तिची सर्दी उतरली होती. तिने झाकण काढलं आणि वास आला. तरी खात्री पटेना, की पटवून घ्यायची नव्हती कोण जाणे. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यातलं बोटावर घेऊन जिभेला लावलं. लोणी, मीठ, गुलाबी परतलेला कांदा. तो हात कुणाचा हे तिला सांगायला नको होतं, त्याच हाताने तिला कांदा परतायला शिकवलं होतं.

आणि लपवून ठेवण्यात अर्थ नाही, तेव्हा तिच्या मनात काय आलं तेही सांगून टाकतो. वाटी मोरीत ओतावी, नळ सोडावा, उरलंच नव्हतं म्हणून सांगावं. म्हातारं कुत्रं, आज ना उद्या जाणारच. कुणाला कळणार होतं? नळाला हात लागलासुद्धा होता. तेवढ्यात मागून वस्ताद म्हणाले, "चाखलंस होय? सांगू नकोस हं डॉक्टरांना. मीच घातला कांदा. म्हातारबुवांना चव लागली की नाही?"

एवढ्या आनंदाने म्हणाले हो. तिला तो आनंद बघवेना.

"बाबा," ती म्हणाली, "तो माणूस नाही. कुत्रा आहे. नऊच्या नऊ कुत्री आहेत. कांदा कुत्र्याला विष असतो. तो दवाखान्यात मरायला टेकलाय."

वस्तादांना अर्धवट ऐकू यायचं, पण हे सगळं ऐकू आलं. तिला वाटलं आता ओरडतील, कुत्र्यांसाठी रांधतेस म्हणून झारा फेकतील. त्यांनी ओटा धरला आणि विचारलं, "जगेल का?" तिने माहीत नाही म्हटल्यावर ते चपला शोधायला लागले. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात मुलाची चप्पल घालून ते तिच्याबरोबर निघाले, वाटी दोन्ही हातांत धरून. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" तेव्हा तिने ते पंक्तीतलं वाक्य सांगितलं. त्यांना आठवेना. खूप वेळ आठवून बघितलं, तरी आठवेना. अठरा वर्षं तिने जपून ठेवलेला काटा, आणि ज्याने टोचला त्याला पत्ताच नाही.

दवाखान्यात वस्ताद पुढे झाले, कांदा माझ्या हातचा, असं सांगायला लागले. सूनबाईने त्यांना थांबवलं. ती डॉक्टरीणबाईंसमोर, ग्रंथपालबाईंसमोर, बाकावर मांजर घेऊन बसलेल्या परक्या माणसासमोर बोलली. म्हणाली की यांना वाटलं जेवण माणसाचं आहे, कारण मी तसं सांगत होते. मला या कामाची लाज वाटत होती. मी सकाळी शपथ घेतली तीही न चाखता घेतली. बोलताना मान वर झाली नाही. डॉक्टरीणबाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत, रक्त द्यायच्या तयारीला धावल्या. सकाळचे चार तास त्या शपथेने खाल्ले होते.

ग्रंथपालबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षभरात तो पहिल्यांदा इतकं आवडीने जेवला. मी तुम्हाला दुवा देत होते." वस्तादांनी हे ऐकलं. अडतीस वर्षं ज्या कौतुकासाठी ते टेबलाटेबलापाशी जाऊन उभे राहिले, ते त्यांना मिळालं आणि कुठे ठेवावं ते कळेना. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

शेट वाचला. एका दांडग्या शिकारी कुत्र्याचं रक्त चढवलं, आठ दिवस तिथेच ठेवला, जिवावरचं थोडक्यावर निभावलं. घरी लहान पातेलं फळीवर पालथं पडून होतं. वस्ताद ओट्याकडे फिरकत नव्हते, संध्याकाळी काही विचारत नव्हते. सूनबाईने यादी पिठाच्या डब्यामागून काढली आणि ओट्यासमोर भिंतीवर लावली. शिंपीणबाईने ती वाचली आणि इमारतीला जे कळायचं ते तासाभरात कळलं. जिन्यात पोरं तिला बघून हळूच भुंकायची. ती ऐकून घ्यायची, दुसरं काय करणार?

तीन आठवड्यांनी ग्रंथपालबाईंचा निरोप आला, की शेट दुसरं काही खात नाही, डबा घेऊन या, आणि वस्तादांनाही आणा. दोघं गेली. बाई फाटकात उभ्या होत्या, पायाशी शेट, अंगावरची हाडं मोजावीत असा. त्यांनी डबा घेतला नाही. चमचा पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही खा."

रस्ता वाहता होता. समोरच्या दुकानात शिंपीणबाई दोरे घेत होती, तिची मान वळलीच. सूनबाईने डबा उघडला, चमचाभर घेतलं आणि भर रस्त्यात, सगळ्यांदेखत खाल्लं. कान तापले होते, पण नीट चावून खाल्लं. मग वस्तादांनी हात पुढे केला. त्यांनी चमचा तोंडात धरला, डोळे मिटले, कँटीनमध्ये धरायचे तसा वेळ घेतला.

"अळणी आहे," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले. "बरोबर आहे."

बाईंनी वाडगं भरून शेटपुढे ठेवलं. शेटने हुंगलं. तोंड लावलं नाही. वस्तादांच्या हाताशी आला, बोटं हुंगली, परत वाडग्यापाशी गेला आणि मान वर करून वस्तादांच्या तोंडाकडे बघत बसला. काहीतरी कमी आहे, आणि ते कुणाकडे आहे हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

वस्ताद गुडघे धरून हळूहळू त्याच्यासमोर खाली बसले.

"नाही रे बाबा," ते म्हणाले, "आता हेच."

शेट थोडा वेळ वाट बघत राहिला, मग खायला लागला. वाडगं रिकामं होईपर्यंत सासरा-सून दोघंही मान खाली घालून तिथेच थांबली.