तानूबाईंची उभी बाटली

तानूबाईंपुढे कागद वाचायचा म्हटलं की मी तो आधी घरी दोनदा वाचून जायचो. एकतीस वर्षं ग्रामसेवकी केली, साहेबांपुढे कधी चाचरलो नाही. पण पासलीच्या अलीकडच्या डोंगरगावातली ही चौथी शिकलेली बाई खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकायची आणि 'इत्यादी' आलं की डोळे उघडायची.

"थांबा भाऊसाहेब. त्या इत्यादीत कोण कोण बसलंय? एकेकाला नावानिशी भाईर काढा."

आता 'इत्यादी'शिवाय ग्रामसेवकानं लिहायचं तरी कसं? मी चिडायचो. शेवटी मीच बाहेर काढायचो.

माझी त्या गावात बदली झाली, त्याच वर्षी त्यांनी गावातलं सरकारमान्य देशी दारूचं दुकान बंद पाडलं. बायकांचं मतदान असतं त्यासाठी. दुकान राहू दे म्हणायचं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करा म्हणायचं तर आडव्या. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी घरी बसली, ती दुकानाच्या बाजूनं गेल्यासारखीच. तानूबाईंनी भाताच्या खाचरातून बायका चिखलाच्या पायांनी ओढून आणल्या. पारूआक्का तर अंगात ताप घेऊन आली. तिचा थोरला मुलगा त्याच दुकानापायी गेला होता. चार मतांनी बाटली आडवी झाली. पारूआक्का त्या दिवशी किती रडली, ते मी पाहिलंय.

आणि काही वर्षांनी ह्याच तानूबाई माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला दारूचा परवाना काढायचाय."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. आमच्याकडे जांभळाला तोटा नाही. पण एसटी येणार दिवसातून दोनदा, आणि जांभूळ काही तिची वाट बघत थांबत नाही. दर साली झाडाखाली नुसता सडा. तानूबाईंच्या बचत गटाच्या बायका फळप्रक्रियेचं शिकून आल्या, त्यात जांभळाची वाइन शिकल्या. पत्र्याची शेड उभी राहिली, स्टीलच्या टाक्या आल्या. मग सुरू झाले कागद.

मोठ्या कारखान्याला जेवढे कागद, तेवढेच ह्या आठ बायकांना. लेबलावर एक अक्षर बदललं की पुन्हा मंजुरी. दहा खोकी हलवायची तरी वाहतुकीचा पास. भोरच्या, पुण्याच्या किती दुकानांत आम्ही हिंडलो! "नाव चालणारा माल आणा बाई," म्हणायचे. शेवटी शिवऱ्याच्या एका दुकानदारानं हो म्हटलं. दारूचं दुकान महामार्गापासून लांब हवं, या नियमानं त्याचं पार आत, बोळात गेलं होतं. तो म्हणाला, "मला गिऱ्हाईक सापडंना, तुमाला दुकान सापडंना. या, जमलं आपलं."

राहिली होती फक्त ग्रामसभेची ना-हरकत. मी म्हटलं, किरकोळ काम, हात वर झाले की झालं. सभेत सरपंचांनी विचारलंही. हात वर जायला लागले, तेवढ्यात पारूआक्का उठली.

"तानू, तुझ्यासाठी म्या तापात उठून आले व्हते. आता तूच बाटली आणतीस व्हय?"

वर गेलेले काही हात खाली आले. तानूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मी सरपंचांच्या कानात म्हटलं, घ्या मोजून पटकन, उपस्थितांत बहुमत आहे. ते तानूबाईंनी ऐकलं.

"न्हाई भाऊसाहेब. ज्या मापानं बंद केली, त्याच मापानं उघडायची. पुन्हा चिठ्ठ्या टाका. यादीतल्या निम्म्यांहून जास्त बाया उभीवर शिक्का मारतील तरच. न्हाईतर टाक्या इकून टाकीन."

"अहो, नियमात असं काही नाही!"

"नियमापरीस जास्त करू नका, असं लिवलंय का कुठं? दाखवा."

नव्हतं लिहिलेलं. काय दाखवणार, कपाळ!

मग ठराव लिहायला बसलो. 'गावात विक्री, वाटप इत्यादी करणार नाही,' असं मी वाचलं आणि तानूबाईंचे डोळे उघडले. काढा भाईर! विक्री, वाटप, उधारी, भेट, चव, लग्नातला आहेर... मी घाम पुसत लिहीत गेलो. पारूआक्का समोर बसून ऐकत होती.

पुढच्या रविवारी मंदिरात शाळेतला खडूचा डबा मतपेटी झाला. या खेपेला तानूबाईंनी एकाही बाईला बोलावलं नाही. "पारूआक्काकडं बघून जिचं तिला ठरवू दे," म्हणाल्या आणि दिवसभर शेडच्या दारात बसून राहिल्या. यादीत दोनशे बारा बायका. एकशे सात हव्या होत्या. दुपारपर्यंत चाळीससुद्धा आल्या नाहीत. मी यादी पुन्हा पुन्हा चाळत बसलो. चारनंतर, शेतातलं काम उरकल्यावर मात्र रांग लागली. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, माहेरी गेलेल्या एकीनं तर वडापच्या जीपनं गाव गाठलं. चिठ्ठ्या मी मोजल्या. उभी बाटली, एकशे एकोणपन्नास! मंदिरापुढं असा गलका झाला की पलीकडच्या वाडीवरची माणसं काय झालं बघायला आली. मी, सरकारी माणूस, टोपी उडवली. आता निवृत्त झालोय, सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपुढं जांभळांची पहिली पाटी आली ती पारूआक्काची. गच्च भरलेली, एक देठ नाही की एक पान नाही. तिनं शिक्का कुठं मारला, तिलाच ठाऊक. पाटी उतरवत एवढंच म्हणाली, "नीट निवडलीत म्या. फुकट घालवू नगंस." तानूबाईंनी तिचे पाय धरले, आणि मग दोघी हुंदके देऊन रडल्या.

माझ्या निरोपसमारंभाला मी गमतीनं म्हटलं, "तानूबाई, आता तरी एक बाटली द्या की!"

"भेट? ठरावात हाय भाऊसाहेब. तुमच्याच अक्षरात." आणि हसून, "शिवऱ्याला मिळंल. पावती घ्या."

गेलो. बोळातल्या त्या दुकानात सगळ्यात पुढच्या फळीवर त्यांचीच बाटली उभी होती. घेतली, पावती घेतली, चष्मा लावला आणि तिथंच उभ्यानं लेबल वाचलं. गावाचं नाव होतं, गटाचं होतं. घटक: जांभूळ, साखर, यीस्ट. पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'इत्यादी' कुठंच नव्हतं.