आखाजीच्या आधी एक खडस

नाशिकरोडच्या फलाटावर माझ्या हातातली लांब नळी बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "पडद्याचा रॉड का हो? कुणाकडे नवीन घर घेतलंय वाटतं." मी म्हटलं, "नाही, मासे धरायची काठी आहे." त्यावर त्यांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत एकदा नीट न्याहाळलं. पन्नाशी उलटलेली बाई, एप्रिल संपत आलेला आणि जायचं भुसावळला. "तिकडे नद्यांना पाणी तरी असतं का आता?" त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी गाडी आल्यासारखं करून पुढे सरकले.

हा नाद मला हिमाचलात लागला. सहलीबरोबर गेले होते, तिथल्या हॉटेलमालकाने हातात काठी दिली आणि बर्फाच्या पाण्यातून पहिल्याच सकाळी एक ट्राऊट निघाला. या प्रकाराला स्पिनिंग म्हणतात. लवचीक काठी, तिला रीळ, आणि दोऱ्याच्या टोकाला बोराच्या पानाएवढा पितळी चमचा, त्याला गळ. ओढला की तो पाण्यात गरगर फिरतो आणि मोठ्या माशाला वाटतं, छोटा मासा पळतोय. गांडूळ नको, कणीक नको. पण एका जागी बसून चालत नाही. नदीकाठाने पायपीट करत जागा शोधाव्या लागतात, आणि मला बसून राहायचा मुळातच कंटाळा.

खानदेशात ट्राऊट नाही. उन्हाळ्यात इथल्या नदीत हात घातला तर आंघोळीचं पाणी काढून ठेवल्यासारखं वाटतं, त्यात तो जगणार कसा? पण याच काठीला येणारा एक मासा इथे होता. खडस. पुस्तकांत त्याला महसीर म्हणतात. होता असं म्हणायचं कारण, तो आता आहे की नाही यावरूनच आमच्या घरात वाद होता. शिरपूरचे माझे मामा, ज्यांना सगळे नाना म्हणतात, सांगायचे की आहे. त्यांचा सुरतेचा मुलगा आणि सूनबाई हसायचे. "नानांचा खडस" हा घरातला ठरलेला विनोद झाला होता. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मुलगा नानांना कायमचं सुरतेला नेणार होता. घराला कुलूप लागणार. त्याआधी नानांनी मला फोन केला होता.

"माय, तू हिमाचलमा जाईसन मासा धरस, मंग आठे काबर नही? माले तो खावाना नही. एकदाव देखाना शे."

आई गेल्यापासून नानांचं घर हेच माझं माहेर. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिला मुक्काम भुसावळजवळ दीपनगरला, वैजयंती नावाच्या मैत्रिणीकडे. तिने मला आदल्या दिवशीच बजावलं, "मासा घरात आणायचा नाही." मी म्हटलं, आधी मिळू तर दे. सकाळी उठून आम्ही तिच्या गाडीने मुक्ताईनगरच्या अलीकडे तापी-पूर्णेच्या संगमावर गेलो. दोन नद्या मिळतात तिथे जिवंत पाणी असणार, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात दोन्ही पाणी पसरट, संथ आणि कोमट. काठाला जलपर्णी. पहिल्याच फेकीत चमचा तिच्यात अडकला तो अडकलाच. होडीत जाळं आवरत बसलेले एक भोई आजोबा ते कौतुकाने बघत होते.

"हे चमकी मासोळी खाईन का वं ताई?"

"खडस खातो, बाबा. आहे का इथे?"

"खडसाले पयतं (वाहतं) पानी पाह्यजे. इथं कुठलं पयतं पानी? मरळ हाये, कटला हाये." त्यांनी डोंगराकडे हात केला. "तिकडं पाह्य."

दुपारपर्यंत मी तरीही चमचे फेकत राहिले, कारण मी हट्टी आहे. उन्हाने मान भाजली, चपलेचा अंगठा तुटला आणि मासा म्हणून एक शिंगाळा (मिशांचा, काटेरी मासा) आला, तोही माझ्या तळहाताएवढा. वैजयंती सावलीत बसून टरबूज खात होती. तिने मला न हसता एक फोड दिली, हे तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी चोपड्यावरून शिरपूरला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा हिरव्यागार, आणि बाग संपली की कापसाची उघडी, तापलेली काळी जमीन. वाटेत एका ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) खाल्ली. तर्रीचा लाल रंग बघूनच डोळ्यांत पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "नाशिकवाल्यांसाठी कमी करून देऊ का?" हे ऐकल्यावर मी अजून एक वाटी मागितली. त्याची फळं रात्रभर भोगली, पण माघार घेतली नाही.

नाना ओट्यावर वाट बघत होते. गुडघे गेलेले, हातात काठी. घरात अर्धं सामान बांधून झालेलं होतं, आणि तरी मागच्या निंबाला त्यांनी माझ्यासाठी झोका बांधून घेतला होता. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने झोका घ्यायचा असतो. मी बॅग न ठेवताच त्यावर बसले. फांदी करकरली आणि नाना म्हणाले, "हळू व माय, झाड म्हातारं शे."

पुढचे दिवस अरुणावतीच्या काठाने गेले. खालच्या अंगाला नदी म्हणजे वाळू आणि मधेमधे डबकी. अनेर धरणाच्या बाजूला अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायला बंदी, म्हणून तो विचारच केला नाही. मी रोज पहाटे जीप करून थोडी आणखी वर जायचे. उन्हाळ्यात जागा शोधायची रीत ट्राऊटची असो की खडसाची, सारखीच. पाणी दगडांवरून खळखळत खोल डोहात उतरतं ते तोंड बघायचं. तिथे पाण्यात हवा मिसळते, आणि गरम दिवसांत मासा तिथेच येऊन उभा राहतो. वर जांभळाची सावली असली तर उत्तम. ऊन पाण्यावर पडायच्या आत पोचायचं, आपली सावली पडू द्यायची नाही आणि चमचा वरच्या अंगाला फेकून प्रवाहाबरोबर ओढायचा. हे सगळं मी करत होते. येत होत्या त्या फक्त चिंगळ्यांएवढ्या मासोळ्या. संध्याकाळी परत आले की नाना माझ्या तोंडाकडे बघायचे. ते मला फार लागायचं.

आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा नाना म्हणाले, मी येतो. मी नको म्हटलं, शेजाऱ्यांनीही. ते जीपमध्ये जाऊन बसले.

सातपुड्यात रस्ता संपतो तिथे एक पावरा वस्ती आहे. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अंगणांत मोहाची फुलं वाळत होती. नदी खाली, आणि उतार असा की धडधाकट माणसानेही हात टेकत उतरावं. नाना वर जीपमध्येच राहिले. मी खाली आले आणि थांबलेच. मी आठवडाभर जे शोधत होते ते सगळं समोर होतं. वरून दगडांतून उतरणारी धार, खाली गडद हिरवा डोह, काठावर जांभूळ.

काठावर वस्तीतली एक बाई, भुरीअक्का, भांडी घासत होती. साठीची असावी, आवाज खणखणीत. मी विचारलं, इथे गळ टाकला तर चालेल का? तिने चमचा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"काय व बाई, माशेसले चमचाघाई भात खावाडस का?" मग हसू आवरून तिने सांगितलं, "देख, डोहना मासा डोहमाच राही. होळीपाशीन पाऊस पडस तोवर कोनी गावमा मासा नेत नही. आते बठ्ठी नदी सुकेल शे. जे शे ते आठेच शे."

"मी नेणार नाही, अक्का. धरून सोडेन."

"तोंड फाटी जाई तं?"

मी तिला गळ दाखवला. त्याचं उलटं टोक मी पकडीने दाबून सपाट केलेलं होतं, म्हणजे तोंड न फाटता तो सहज निघतो. तिने बोट फिरवून खात्री करून घेतली. "बरं. पन पानीबाहेर काढानं नही. शब्द दे." मी शब्द दिला.

खडकाआड वाकून धारेच्या तोंडाशी चमचा टाकला. पहिली फेक रिकामी. दुसरीही. तिसऱ्या वेळी काठी हातातून ओढली गेली. रीळ किंचाळलं, दोरा डोहाच्या मधोमध गेला, मग खडकाकडे, मग माझ्याकडे. मी गुडघाभर पाण्यात शिरले, मग मांडीभर. शेवटी तो माझ्या हातजाळीत आला. जाड ओठ, ओठांना मिशा, आणि कुशीवर सोनेरी झाक असलेले मोठाले खवले. खडसच. दुसरा कुठलाही मासा असा दिसत नाही.

आणि त्याच क्षणी ध्यानात आलं की नाना वर आहेत. त्यांना खाली येता येत नाही आणि मासा वर नेता येत नाही. ही साधी गोष्ट आठवडाभर माझ्या डोक्यात आली नव्हती. फोटो काढावा तर फोन जीपमध्ये. आणि फोटोवर त्यांचा मुलगा म्हणालाच असता, इंटरनेटवरून उतरवलाय. जाळी पाण्यात धरून मी रडकुंडीला आले.

"अक्का, वर माझे मामा आहेत. त्यांना फक्त हा बघायचाय. दोन मिनिटं वर नेऊ?"

"नही," भुरीअक्का म्हणाली. तिने विचारही केला नाही. मग वर उताराकडे बघितलं. "मासा वर जाई नही. मानूस खाले आनू."

तिने वस्तीच्या दिशेने आपल्या बोलीत हाक घातली. तिच्या ओसरीवर एक झोळी टांगलेली असते. जाड बांबूला चादर बांधलेली. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला यातूनच रस्त्यापर्यंत नेतात. तिचे दोन पुतणे ती घेऊन वर धावले. आजवर त्या झोळीतून माणसं वरच गेली असतील. मासा बघायला खाली येणारे नाना बहुतेक पहिलेच.

मी धारेत उभी राहून माशाचं तोंड प्रवाहाकडे धरून ठेवलं. मनाशी ठरवलं होतं की तो कलायला लागला तर सोडून द्यायचा, नाना पोचोत न पोचोत. त्याचे कल्ले हलताना मोजत होते आणि देवाला विनवत होते. वरून नानांचा आवाज आला, "मी काय आजारी शे का रे? नीट धरा!" भुरीअक्का पदर तोंडाला लावून हसत होती.

त्यांनी नानांना पाण्याकाठच्या खडकावर बसवलं. नानांनी पाय पाण्यात सोडले आणि वाकून जाळीत बघितलं. आता मला तो मासा एकदम लहान वाटायला लागला. कोपरापासून बोटांपर्यंत असेल नसेल. नाना सांगायचे ते खडस खांद्यावर टाकून आणलेले असायचे.

"नाना, लहानच आहे हो," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटत होतं.

नानांनी पाण्यात हात घालून त्याच्या पाठीला बोट लावलं.

"मोठा भेटता तं मी म्हनतू, जुना एक उरेल शे," ते म्हणाले. "हाऊ तं आते आते जलमेल शे, माय. यानी माय आठेच कोठे तरी शे."

मी जाळी खाली केली. मासा नानांच्या पायांशी क्षणभर थांबला आणि मग दिसेनासा झाला. मला रडू आवरलं नाही, आणि आवरावंसंही वाटलं नाही. भुरीअक्काने आम्हा दोघांना कोरा चहा दिला आणि नानांना वर पोचवताना पुतण्यांना दम भरला, की म्हाताऱ्याला हिसका बसता कामा नये.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा सुरतेहून आला. जेवताना त्याने हसतच विचारलं, "काय नाना, भेटला का खडस?"

"भेटना," नानांनी होकाराची मान डोलावली.

"केवढा होता?"

नानांनी दोन्ही हात समोर धरले. मी बघत राहिले. मासे धरणाऱ्यांचे हात अशा वेळी कसे लांब लांब जातात हे मला चांगलं माहीत आहे, माझेही जातात. नानांचे हात मात्र जवळ आले. "एवढा," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाना, एवढाही लहान नव्हता!" त्यांनी मान हलवली आणि हात अजून थोडे जवळ आणले.

मी नाशकात परतले. काठी पुसून माळ्यावर ठेवली, उन्हाने सोलवटलेल्या कातडीला कोरफड लावली आणि ऑफिस सुरू झालं. या प्रवासात मी धरलेला मासा म्हणावा असा तो एकच, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. काल सुरतेहून सूनबाईंचा फोन आला होता. नाना रमले आहेत, म्हणाल्या. खाली बागेत बसतात आणि जो भेटेल त्याला सांगतात, आमच्या नदीत खडस आहे, माझ्या भाचीने धरला, बोटाएवढा होता.

"खरंच का हो ताई, बोटाएवढा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.