करंजवाडी ते तालुका, चौदा मैल

माझी आत्या पद्मा दिवेआगरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाळंतपणं करायची, देवी टोचायची, तापाच्या गोळ्या द्यायची. १९५४ साली ती मुंबईहून शिकून आली, तेव्हा तिच्याकडे बारा खेडी होती आणि त्या बारा खेड्यांना मिळून मोटार जाईल असा एकच रस्ता होता. बाकी सगळ्या बैलगाडीच्या वाटा आणि शेतांचे बांध.

दत्तात्रेयकाका, म्हणजे तिचे यजमान, गावातल्या शाळेत मास्तर होते. त्यांनीच तिला सायकल शिकवली. ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू फरशीसारखी घट्ट होते, तिथं. महिनाभर रोज संध्याकाळी ती पडत होती आणि सुरूच्या बनाशी उभं राहून अर्धा गाव बघत होता. पुढे काकांनी मुंबईहून जुनी लेडीज सायकल बोटीनं मागवली. मागच्या कॅरिअरला औषधांची पत्र्याची पेटी, हँडलला पाण्याची बाटली, आणि आत्या निघायची. लोक तिला सायकलबाई म्हणू लागले ते कायमचंच.

त्या रस्त्यांवर सायकल चालवणं ही कला होती, असं ती सांगायची. सरकार दर हिवाळ्यात मुरूम आणि खडी टाकायचं. सुट्या खडीवर पुढचं चाक गेलं की सायकल हातातून निसटते. म्हणून ती बैलगाडीच्या चाकोरीतून चालवायची. तिथं लोखंडी धावांनी दगडाचं पीठ करून ठेवलेलं असे. समोरून कुणी येण्याची भीती नव्हती. तासन्‌तास एक माणूस भेटायचा नाही. एका बाजूला काजूची झाडं, मधेच खाली खाडीचं पाणी, आणि चाकाखाली खडी कुरकुरण्याचा आवाज. पहिली दोन-तीन वर्षं तिला हा मोकळा रस्ता फार आवडायचा. घरी आली की त्याच्याबद्दलच बोलायची.

करंजवाडी हे तिच्या हद्दीतलं सगळ्यात आतलं खेडं. भातशेती करणारी पंचवीस-तीस घरं. धडधाकट पुरुष बहुतेक मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत, घरी म्हातारे आणि बायका. तिथं धर्माजी आणि ठमाबाई या नवरा-बायकोचं घर होतं. त्यांचा मुलगा सदू गोदीत कामाला आणि सून जनी पहिलटकरीण. वय वीसच्या आतबाहेर. १९५७च्या माघात आत्यानं तिला तपासलं आणि पोटावरचा हात न उचलता ठमाबाईला म्हणाली, "मूल आडवं आहे. हिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला हवं. कळा सुरू व्हायच्या आधी."

"आडवं म्हंजे?"

"डोकं खाली नाही. इथं सुटका होणार नाही हिची."

ठमाबाईनं मान हलवली. "नेऊ की. राब भाजून झालं की नेऊ. आता घरात मानूसच न्हाय."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. पालापाचोळा आणि शेण पसरून ती भाजून काढावी लागते. ते काम टळत नाही. आत्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेली. दोन्ही वेळा जनी डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन येताना दिसली. दुसऱ्या खेपेला धर्माजी कबूल झाला. म्हणाला, "सोमवारच्या बसनं नेतो."

शनिवारी सकाळी करंजवाडीचा माणूस चालत दिवेआगरला आला. जनीला रात्रीपासून कळा येत होत्या.

आत्या साडेनऊला तिथं पोचली. बाळाचा एक हात बाहेर आला होता. आपल्याला इथं काही करता येणार नाही हे तिला दारातच कळलं, असं तिनं मला सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होत असे. तिथपर्यंत अंतर चौदा मैल. सहा मैलांवर फाटा, तिथून बस. बैलगाडीत घातलं असतं तर खडीवरच्या हिसक्यांनी जनीचा जीव रस्त्यातच गेला असता. म्हणून बांबूला घोंगडी बांधून डोली केली. खांदा द्यायला धर्माजी धरून चारच माणसं मिळाली, त्यातली दोन साठीच्या पुढची. बाकीचे मतदानाला शेजारच्या गावी गेले होते. त्या दिवशी निवडणूक होती.

आता आत्यापुढे प्रश्न आला. डोलीबरोबर चालायचं, की सायकलनं पुढे जाऊन गाडी आणायची? डोलीला फाट्यापर्यंतच चार तास लागणार. सायकलला पाऊण तास. तिनं पेटीत होतं ते इंजेक्शन जनीला दिलं. जनीनं तिचा पदर धरला होता.

"बाई, तुमी कुटं चाललात?"

"गाडी आणायला. फाट्यावर भेटते तुला."

"लवकर या."

पदर सोडवून घ्यावा लागला नाही, तिनं आपणच सोडला.

फाट्यावर रघू चहावाल्याची झोपडी होती. आत्यानं त्याला अकराची बस गेली का विचारलं. तो म्हणाला, "बाई, आज बस न्हाय. सगल्या गाड्या मतांच्या पेट्या न्यायला लावल्यात. दोन दिवस झालं, काय बी फिरकलं न्हाय इकडं."

"जीप? ट्रक? कुणाची खासगी मोटार?"

"काय बी न्हाय."

ती तिथं वीस मिनिटं थांबली. रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर दिसत होता, पांढरा आणि रिकामा. मग ती तशीच पुढे निघाली. पुढचे आठ मैल चढाचे. अर्धा रस्ता सायकल हातात धरून चालत, आणि उतारावर ब्रेक न लावता. एकदा सुट्या खडीवर पडली, कोपर सोलवटलं. एकच्या सुमारास ती दवाखान्यात पोचली.

डॉक्टर चांगले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः बाहेर पडून कचेरीत गेले, एका व्यापाऱ्याच्या घरी गेले. व्यापाऱ्याची मोटारही कामाला लावलेली होती. परत येऊन म्हणाले, "पद्माबाई, मी तुमच्याबरोबर आलो तरी तिथं रस्त्यात काय करणार? भूल इथं, टेबल इथं. तुम्ही तिला आणा. मी हात धुऊन तयार राहतो."

आत्या म्हणाली, "कशातून आणू?"



ती परत फिरली. सव्वादोनला फाट्यावर आली तेव्हा डोली रघूच्या झोपडीच्या सावलीत टेकवलेली होती. माणसं पाणी पीत होती. ठमाबाई सुनेच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. जनीचा रंग गेला होता. तिनं आत्याकडे पाहिलं, मग आत्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं.

"चला, उचला," आत्या म्हणाली. आठ मैल उरले आहेत आणि ते पुरे होणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण तिथं बसून तरी काय करायचं होतं? रघूनं चूल विझवली आणि तोही खांद्याला आला. आत्या एका हातानं सायकल ढकलत, दुसऱ्या हातानं जनीची नाडी धरत चालत होती. थोड्या वेळानं तिनं सायकल रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीला टेकवून सोडून दिली.

दीड-पावणेदोन मैल गेल्यावर नाडी लागेना. तिनं डोली खाली ठेवायला सांगितली. कान लावला, डोळे पाहिले. बाळ त्याच्या आधीच गेलं होतं. धर्माजी उभाच होता, बांबूचा व्रण खांद्यावर उमटलेला. त्यानं विचारलं, "आता फुडं न्यायचं, का माघारी?"

ठमाबाई म्हणाली, "माघारी चला."

दिवस मावळायच्या आत ती माणसं फाट्यापर्यंत परत आली. सबंध दिवसात त्या रस्त्यावरून एकही गाडी गेली नव्हती. सोमवारी बस वेळेवर आली.

आत्यानं अर्ज केले. दवाखान्याला गाडी मिळावी, निदान निवडणुकीच्या दिवसांत एक जीप राखून ठेवावी. एका अर्जाला पोच आली. बदली मागावी असं काकांनी सुचवलं. ती म्हणाली, "मी गेले तर इथं दुसरी कोण येणार?" ती करंजवाडीला जातच राहिली. ठमाबाई तिला ओट्यावर बसवून ताक द्यायची, त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. आत्या म्हणायची, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

नवव्या महिन्यातल्या बायकांना आधीच तालुक्याला नेऊन ठेवायची खटपट तिनं पुढे खूप केली. दवाखान्याजवळ एक खोलीही मिळवली होती. सहा वर्षांत तिथं चारजणी आल्या. बाकीच्यांना घर सोडवत नव्हतं. कुणाची म्हैस होती, कुणाची सासू आजारी, कुणाचा नवरा नको म्हणायचा.

सदूनं दुसरं लग्न केलं. १९६३ साली तो गोदीतलं काम सोडून गावी राहायला आला. तोवर फाट्यापर्यंत डांबर आलं होतं, त्याच्या आत खडीच. एकदा आत्या त्याच्या मुलाला देवी टोचून निघाली तेव्हा तो फाट्याच्या बाजूनं तिच्याबरोबर चालत आला.

"बाई, एक विचारू का? राग न्हाय ना येनार?"

"विचार."

"आई सांगते, डोलीत ती सारखी म्हनत होती, बाई आल्या का, बाई आल्या का. फाट्यावर पोचंस्तोवर. तुमी गेलाच नसतात, तिच्याजवल चालला असतात, तर... वाचली तर नसतीच, पर तिला बरं वाटलं असतं का?"

आत्या सायकल धरून उभी राहिली. सहा वर्षं ती हेच स्वतःला विचारत होती, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ते ऐकलं नव्हतं.

"मला वाटलं होतं, गाडी मिळेल," ती म्हणाली.

"व्हय. ते तर हायच."

त्यानं पेटीची सैल झालेली दोरी घट्ट करून दिली आणि तो वाडीकडे वळला. आत्याला संध्याकाळपर्यंत अजून दोन गावं करायची होती.