बेंगळुरात भूकंप होत नाही

आमच्या गल्लीतली माणसं आता शहरभर पांगली आहेत. कुणी जे. पी. नगरला घर बांधलं, कुणाचा नातू इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ फ्लॅटमध्ये राहतो. पण कुठल्याही लग्नात आमच्यातले दोघं भेटले, की हातात कॉफी येईपर्यंत एक जण म्हणतोच, "आपण छत्रात होतो तेव्हा…" मग एकातून दुसरा किस्सा निघत जातो. नवीन माणसाला वाटतं, ही मंडळी कुठल्यातरी ट्रिपच्या आठवणी काढताहेत. ट्रिप कसली, घरं पडली होती आमची. पण ते किस्से कुणी रडत सांगत नाही, म्हणून मीही तसे सांगणार नाही.

मी मूळची भोरची. मामांच्या ओळखीने बेंगळूरचं स्थळ आलं आणि एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान कधीतरी मी लग्न होऊन इथे आले. सासरचं घर पिढ्यान् पिढ्या इथलंच. चामराजपेटच्या खालच्या अंगाला उतारावर एक गल्ली होती. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि जवळजवळ सगळी घरं मराठी. मराठी म्हणजे अर्ध्या वाक्यात 'स्वल्प' आणि शेवटी 'सरी'. स्वल्प म्हणजे जरासं आणि सरी म्हणजे बरं, एवढं कळलं की निम्मी गल्ली कळली. माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली तुळसाक्का म्हणायची. मीही त्यांना अक्काच म्हणायचे.

*

त्या वर्षी पाऊस थांबायलाच तयार नव्हता. भिंती पाणी पिऊन काळ्या पडल्या होत्या. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि डब्यांची झाकणं वाजायला लागली. मला वाटलं, अक्का शेजारच्या खोलीत काहीतरी कुटताहेत. तेवढ्यात अक्काच दारात येऊन म्हणाल्या, "अगं इंदू, पोळ्या करतीस की पाट फोडतीस? सगळं घर हलतंय."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग वरून एक कौल आलं आणि आम्ही दोघी रस्त्यावर पळालो. पाठीमागे आमची न्हाणीघराची भिंत बसली, तिच्यामागून माडी. बसली हाच शब्द खरा. आवाज करून पडली नाही, थकलेलं माणूस बसावं तशी खाली बसली. मग गल्लीत एकामागून एक तेच होत गेलं.

आमचे हे कारखान्यातून सायकलवरून भिजत आले. शहरात कुणाला काही कळलंसुद्धा नव्हतं. वाटेत हॉटेलांत माणसं निवांत कॉफी पीत होती. ह्यांनी आम्हाला रस्त्यात उभं बघितलं आणि चिडून म्हणाले, "एवढ्या पावसात बाहेर काय उभ्या राहिलात? घरात जायला काय झालं?"

अक्का म्हणाल्या, "घर असतं तर गेलो असतो की रे."

गल्लीत एक माणूस भिंतीखाली गेलं. शिंपीकाम करणाऱ्या भीमरावअण्णांची बायको, राधाक्का. बाकी आम्ही सगळे वाचलो.

*

दोन-तीन दिवसांत एक साहेब पाहणीला आले. छत्री, बूट, मागे फाइल धरलेला शिपाई. सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली, जमीन कशी हलली, झाकणं कशी वाजली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेंगळुरात भूकंप होत नाही."

"पण साहेब, आम्ही उभे होतो ना इथे."

"पावसाने भिंती खचल्या. एक पडली, तिच्या धक्क्याने दुसरी पडली. तुम्हाला भूकंप वाटला."

ह्यांना राग आला. हे वाद घालायला पुढे झाले, तर अक्कांनी त्यांना मागे ओढलं. "सरी साहेब," त्या म्हणाल्या, "पावसानं पाडलं म्हणा. कुणी पाडलं त्याच्याशी माझी तक्रार नाही. आता बांधायचं कसं, तेवढं सांगा."

साहेबांचं म्हणणं होतं, इथे बांधूच नका. गावाबाहेर जागा देतो, तिकडे जा. ती जागा आमच्यातले काही जण बघून आले. बस जात नव्हती, विहीर नव्हती, फक्त माळ होता. गल्लीतले निम्मे लोक शिवणकाम, रंगकाम, किरकोळ दुकानदारी करणारे. गिऱ्हाईक सोडून तिकडे खायचं काय? कुणीच हललं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. दगडी पाया आणि विटांची भिंत असेल तर राहा. पण पुढच्या पावसाळ्याच्या आत. मी स्वतः येऊन बघणार. जे घर तयार नसेल, त्यांनी माळावर जायचं."

*

तोपर्यंत राहायचं कुठे, तर जवळच्या छत्रात. छत्र म्हणजे इथलं मंगल कार्यालय. धनी भला माणूस होता, पण लग्नं आधीच ठरलेली. तो म्हणाला, "तुम्ही राहा, फक्त मुहूर्ताच्या दिवशी मागच्या पडवीत सरकत जा."

आम्ही सरकायचो. पण गल्लीभर माणसं किती सरकणार? पहिल्याच लग्नात मुलीकडच्यांना वाटलं आम्ही मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं आम्ही मुलीकडचे. दोन्हीकडून आम्हाला जेवायला बसवण्याची चढाओढ. आम्ही नको म्हणालो तर रुसलो असं समजून त्यांनी जास्तच आग्रह केला. केळीच्या पानावर चित्रान्न आलं, ओब्बट्टू म्हणजे पुरणपोळी आली, वर तूप. छत्रात आल्यापासून आम्ही भात आणि सारच खात होतो. मग आम्हीही फार ताणून धरलं नाही.

एका लग्नात तर अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. दिवसभर विटा वाहून पाय दुखत होते, म्हणून चेहरा त्रासलेला. मुलीची आई घाबरून जवळ आली आणि हात जोडून कानडीत विचारू लागली, "आमचं काही चुकलं का? वरमावशी नाराज दिसतात."

अक्कांनी तिच्याकडे बघितलं, तिची धडधड ओळखली आणि म्हणाल्या, "काही चुकलं नाही गं बाई. लग्न फार छान केलंस. कॉफी तेवढी स्वल्प गार होती."

गरम कॉफी आली. जाताना खणही मिळाला. आम्ही हसायला लागलो तर अक्का म्हणाल्या, "हसता काय? मी नाही म्हटलं असतं तर ती बिचारी रात्रभर झोपली नसती."

*

भीमरावअण्णा त्या दिवसांत बोलत नसत. जेवायला हाक मारली की यायचे, पान उचलून जायचे. त्यांच्या घराचा ढिगारा उपसताना शिलाईचं मशीन सापडलं. चिखलाने भरलेलं, चाक फिरत नव्हतं. त्यांनी ते छत्राच्या पायरीवर घेतलं, रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन बसले, आणि एकेक भाग सुटा करून पुसत राहिले. बऱ्याच दिवसांनी चाक फिरलं. त्यांनी टेप गळ्यात अडकवला.

मग त्यांनी स्वतःहून एक काम काढलं. छत्राचा हॉल म्हणजे सगळं उघडं. बायकांना लुगडं नेसायलासुद्धा आडोसा नव्हता. ढिगाऱ्यातून जे कापड निघालं होतं ते धुऊन, जोडून अण्णांनी पडदे शिवले. पडद्यात कुठे परकराचं छीट, कुठे गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. पण प्रत्येक कुटुंबाला आपली अशी एक खोली झाली.

एक दिवस एक वकील आले. त्यांनी पाऊस सुरू व्हायच्या आधी कोटाचं कापड शिवायला टाकलं होतं. अण्णा कुठे आहेत म्हणत ते हॉलमध्ये शिरले आणि थबकले. समोर आमच्या कुटुंबाच्या पडद्याच्या मधोमध त्यांचं काळं कापड लटकत होतं.

"अहो, हे माझ्या कोटाचं कापड."

अण्णा मशीनवरून उठले, वकिलांच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "होय, तुमचंच आहे. उद्या काढतो. पण माप परत घेऊ द्या. तुम्ही स्वल्प सुटलाय."

राधाक्का गेल्यानंतर अण्णा पहिल्यांदा एवढं बोलले. वकिलांना ते माहीत नव्हतं. आपल्याला बघून सगळी माणसं डोळे का पुसताहेत, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कोट मात्र फिट बसला.

*

आता माझी फजिती. आमचं घर बांधायला नंजप्पा मेस्त्री होते. गवंडीकामात पक्के, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. मला कानडी नुकतं यायला लागलं होतं. 'बेकु' म्हणजे पाहिजे आणि 'बेडा' म्हणजे नको, एवढं पाठ केलं होतं. घाईत नेमकं उलटं झालं.

मला स्वयंपाकघरात खिडकी हवी होती. मी भिंतीकडे बोट दाखवून ठणकावून सांगितलं, "इल्ली किटकी बेडा." म्हणजे, इथे खिडकी नको. मेस्त्रींनी तिथे सोडलेली जागा निमूटपणे बुजवायला घेतली. मला वाटलं, कळलं नाही वाटतं. मी जवळ जाऊन आणखी मोठ्याने सांगितलं, "बेडा, बेडा." ते बिचारे घाईघाईने विटा लावायला लागले. मी जितकी ओरडले तितकी भिंत भराभर वर गेली.

अक्का पाण्याची घागर घेऊन आल्या तेव्हा मी रडकुंडीला आले होते आणि मेस्त्री घामाघूम झाले होते. अक्कांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग मेस्त्रींना कानडीत म्हणाल्या, "आमची सून मागते ते ऐकून घ्या आणि उलटं करा."

खिडकी परत काढली. पण पुढे ते घर पुरं होईपर्यंत मी काहीही सांगितलं की नंजप्पा मेस्त्री आधी अक्कांच्या तोंडाकडे बघायचे.

*

गल्लीत एक नियम झाला होता. ज्याच्या घराचं काम चालू, तिथे सगळ्यांनी जायचं. कारखान्यातले लोक शिफ्ट संपवून यायचे, बायका स्वयंपाक उरकून पाट्या उचलायच्या. शेवटचं घर अण्णांचं. ते स्वतः सगळ्यांच्या घरी राबले, पण आपल्या घराचं नाव काढलं की म्हणायचे, "होऊ दे की सावकाश. मला काय घाई." उन्हाळ्याच्या शेवटी ढग जमायला लागले तेव्हा अक्कांनी त्यांना न विचारताच मेस्त्रींना तिथे नेऊन उभं केलं. सगळी गल्ली त्या एका घरावर तुटून पडली. कौलं चढवून झाली आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला.

ठरल्याप्रमाणे साहेबही आले. तीच छत्री, तोच शिपाई. एकेका घरात शिरायचे, छत्रीच्या टोकाने भिंत ठोकून बघायचे, पाया बघायचे. आम्ही सगळे मागून चालत होतो. माळावर जायचं की नाही, ते त्या छत्रीच्या टोकावर ठरणार होतं. शेवटच्या घराबाहेर येऊन साहेब म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण समजा, भूकंप आला तर?"

अक्का म्हणाल्या, "बेंगळुरात भूकंप होत नाही. तुम्हीच म्हणालात."

शिपायाने तोंड फाइलमध्ये लपवलं. साहेब मात्र मोकळेपणाने हसले आणि अक्कांच्या हातची कॉफी पिऊन गेले. माळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

*

आणि हा शेवटचा.

घरं होऊन वर्ष उलटलं असेल. गल्लीबाहेरचा रस्ता डांबरी करायचं काम निघालं होतं, पण आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चहाच्या वेळेला मी दूध उतरवत होते आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आधी एक ताट, मग सगळीच. मी पातेलं तसंच टाकलं. गल्लीतली प्रत्येक बाई, प्रत्येक म्हातारा, जो होता तो एका क्षणात रस्त्यावर. कुणी तोंडाला साबण लावलेला, कुणाच्या हातात लाटणं.

मग कोपऱ्यावर रस्ता दाबायचा मोठा रोलर दिसला. वर ड्रायव्हर आरामात विडी ओढत बसला होता. आम्ही एकमेकांकडे बघून हसायला लागलो. हसता हसता अक्का थांबल्या. "भीमण्णा कुठाय?"

अण्णा बाहेर आले नव्हते. त्यांची सून सुमन बाळाला घेऊन माहेराहून नुकतीच आली होती, तीही दिसत नव्हती. त्यांचा मुलगा शिफ्टला गेलेला. मी आणि अक्का त्यांच्या घरात धावलो.

मागच्या खोलीत सुमन पाटावर बसली होती. पायांवर बाळ, अंगाला तेल-साबण लागलेलं, बाजूला गरम पाण्याचं घंगाळ. ती घाबरली होती, पण घाई करता येत नव्हती, बाळ हातातून निसटत होतं. आणि तिच्या पाठीमागे अण्णा. गळ्यात टेप, दोन्ही तळहात भिंतीला लावलेले, कपाळ भिंतीला टेकलेलं, पाय मागे रोवलेले.

मी म्हणाले, "अण्णा, भूकंप नाही. रोलर आहे, रस्त्यावरचा."

त्यांनी तळहात भिंतीवर आणखी घट्ट दाबले.

"अण्णा, बाहेर चला," अक्का म्हणाल्या.

रोलर तोवर कोपऱ्यावरून वळून गेला होता. भांडी गप्प झाली होती. सुमनने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि ते रडायला लागलं.

"तिला लेकराचं डोकं नीट पुसू दे," अण्णा म्हणाले. "तुम्ही जावा. मी धरलोय."