बाप चालत न्हाई

दवाखान्यातल्या गुडघेदुखीवाल्यांच्या बाकावर किस्से लई साचतेत. उठता येत न्हाई, मग माणूस बोलतच ऱ्हातो! माझा पोरगा सुन्या नांदेडला डॉक्टर हाय. त्यानं गुडघ्याचं मलम काढलं. ते तपासायला हदगावचे म्हातारे-म्हाताऱ्या मीच एष्टीत घालून न्यायचो. जन्मभर बैलबाजारात दलाली केली, माणसं जमवायची सवय हाय.

*

पहिल्याच खेपेला मी धोतर वर करून पाय पुढं केला. "मला बी लाव."

सुन्या म्हणला, "अण्णा, तुम्ही चालत न्हाई. नात्यातल्या माणसाला बरं वाटलं तर लोक म्हणतील, निकाल फिरवला."

माझी छाती फुगली! अख्ख्या बाकाला सांगितलं, "बघा, बापाला सुदीक सोडत न्हाई!"

आमच्या गल्लीतली गंगाबाई शेजारीच होती. जिभेनं लई तिखट. "म्हंजी गुडघा तुमचाच फुकट गेला की, अण्णा!"

*

गौसभाई बाजारातला माझा जुना जोडीदार. त्याला कळलं, अर्ध्या लोकांना खरं मलम आन अर्ध्यांना नुसतंच साधं. कुणाला कोणतं, ते सांगत न्हाईत. त्यानं आपली ट्यूब हुंगली, गंगाबाईची हुंगली. वास सारखाच!

"क्या अण्णा! बैल के दात दिखाए बगैर सौदा?"

*

मलमाचं पेटंट आलं, अर्ज तपासणीच्या आधीच केलेला. म्हंजी मलम सुन्याच्या मालकीचं. कंपनीनं इकलं की वाटा ह्याला. मी हदगावच्या चौकात हा मोठा फ्लेक्स लावला. वर 'पेटंट मिळालं', मधी सुन्या, बाजूला फेटा बांधून मी.

पुढं सुन्याचा लेख मोठ्या इंग्रजी मासिकात छापून आला. तेवढ्यात लातूरचे एक प्रोफेसर हदगावला लग्नाला आले. त्यांनी तो लेख वाचलेला. लेखाच्या शेवटी लिहावं लागतंय म्हणे, ह्या औषधात लिहिणाराचा काही फायदा हाय का. सुन्यानं लिहिलं होतं, 'काही न्हाई!'

प्रोफेसरनं फ्लेक्सचा फोटो काढला आन मासिकवाल्यांना धाडला. त्या फोटोत मी बी हाय. दात काढून हसून राहिलो!

*

मी सुन्याला धरलं. तर म्हणतो कसा, "लपवलं कुठं, अण्णा? चौकात फ्लेक्स होता की!"

"येड्या, मासिकवाले हदगावला भाजी घ्यायला येतेत का?"

"पण मलम चांगलं हाय, अण्णा."

"असंल! इकणारा आपल्या बैलाला मारका म्हणतोय का कधी?"

*

त्या दिवसापासून मी चौकातून जायचं सोडलं. माणसं माझ्या शब्दावर आली होती, आता तोंड कसं दाखवू? तरी गौसभाईनं एष्टी स्टँडवर गाठलंच.

"अण्णा, आपण रुमालाखाली बोटं धरून भाव करायचो. पर रुमाल तर दिसायचा ना सबको!"

एष्टी आली, मी चढलोच न्हाई.

*

सुन्यानं मासिकाला दुरुस्ती धाडली. मी म्हणलं, "ते झालं मासिकाचं. बाकाला कोण सांगणार? मी न्हाई सांगणार."

शेवटी गुडघे दाखवायच्या दिवशी बाकापाशी आला बिचारा. सगळ्यांसमोर उभा ऱ्हायला. "मलम माझ्या मालकीचं हाय. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं न्हाई." मान खाली. माझी बी.

गंगाबाई म्हणली, "डाक्टर, बाप चालत न्हाई म्हणलास. मग मालक कसा चालला रे?"

तिनं पिशवीतून ट्यूब काढली आन सुन्याच्या हातात दिली. "हे उरलंय. तपासणी सरली ना? लाव आता बापाला."

सुन्या खाली बसला. सगळ्या बाकादेखत माझं धोतर वर सारलं आन लावलं.

पुढच्या खेपेला सुन्या दारातच उभा. गंगाबाई मुद्दाम मोठ्यानं इचारती, "काय अण्णा, पडला का फरक?"

सगळा बाक माझ्या तोंडाकडं बघायला लागला. सुन्या बी.

मी म्हणलं, "मला इचारू नका. मी बाप हाय!"