कुलपाआडच्या दवाखान्याची जाहिरात

“हिला पडद्यामागं बसवा. आवाज हिचाच चालू द्या. पुढं दुसरी मुलगी उभी करा, जरा बरी दिसणारी.”

प्रचाराचं कंत्राट घेतलेला माणूस माझ्यासमोरच हे म्हणाला. खुर्ची हलवायला सांगावी तसं. अकोले तालुक्याच्या गावी आरोग्य मोहिमेचं उद्घाटन होतं. मी स्टेजच्या मागं, हारांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी माईक धरून बसले. पुढं नऊवारीतली कॉलेजची मुलगी नुसते ओठ हलवत होती. बोलत होते मी. गात होते मी. टाळ्या तिला पडल्या. चहा वाटणाऱ्यानं मला विचारलं, “तू कुणाबरोबर आलीस?”

मी बौद्धवाड्यातली. वडील भीमजयंतीला गाणी म्हणायचे, लांबलांबून माणसं यायची ऐकायला. त्यांचा गळा माझ्यात उतरला. बी.ए. केलं. लग्न झालं, मोडलं, माहेरी आले. काम मिळत नव्हतं. म्हणून त्या दिवशी गिळलं सगळं. आवाजच घेतात ना, घेऊ देत.

मग टेम्पो निघाला. भंडारदऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर. टपावर भोंगा, भोंग्यात माझा रेकॉर्ड केलेला आवाज. “आयाबायांनो, बाळंतपण घरी करू नका. आपल्या उपकेंद्रात या. तिथं सिस्टर हाय, औषधं हाईत, गाडी हाय.” मजकूर त्यांनी लिहून दिलेला. ‘हाय’सुद्धा त्यांनीच लिहिलं होतं. खेड्यातलं वाटावं म्हणून.

भाताची लावणी चालली होती. चिखलातल्या बाया कंबर सरळ करून ऐकायच्या. माझी वहिनी सगळ्यांना सांगायची, “आमच्या ताईंचा आवाज हाय त्यो.” तिला दिवस गेले होते. पहिलंच.

कळा सुरू झाल्या तेव्हा आई म्हणाली, सुईणीला बोलवते. वहिनी ऐकेना. “ताईंनी सांगितलंय, दवाखान्यातच जायचं.” भावानं जीप आणली. उपकेंद्राला पोचलो तर दाराला कुलूप. ओट्यावर शेळ्या बसलेल्या. समोरच्या टपरीवाल्यानं सांगितलं, “सिस्टरची बदली झाली. दुसरी आलीच न्हाई. लई दिस झाले.”

दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. गाडी दुसरीकडं गेलेली. मग तशीच जीप तालुक्याच्या दवाखान्याकडं काढली. घाटातल्या एका वळणावर वहिनी जीपमध्येच बाळंत झाली. मुलगी. आईनं तिची पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. पोरगी रडली नाही. रडलीच नाही.

वहिनी वाचली. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “तुमी म्हनल्या म्हनून गेले, ताई.” रागानं नाही म्हणाली. राग असता तर मला सोसलं असतं.

मी मोहिमेच्या साहेबांकडं गेले. बसायला सांगितलं नाही. उभ्यानंच बोलले.

“साहेब, उपकेंद्राला कुलूप आहे.”

“पद रिक्त आहे. भरती वरून होते. ते धोरण आहे, आमच्या हातात नाही.”

“मग सिस्टर आहे असं मला का बोलायला लावलं?”

“तुला लिहून दिलं, तू वाचलं. एवढाच तुझा संबंध.”

त्यांनी बेल वाजवली. शिपायानं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

नंतर मोबाईलवर बातम्या दाखवणारा एक चॅनेलवाला घरी आला. मला बरं वाटलं. मी त्याला नीट सांगितलं. जिथं माणूस नाही त्या दवाखान्याची जाहिरात करू नका. दुसरी सिस्टर हजर झाल्याशिवाय पहिलीला सोडू नका. तसा नियमच करा. तो मान हलवत होता. मग वहिनीकडं वळून म्हणाला, “ताई, जरा पदर तोंडाला लावा. रडताना घ्यायचंय.”

बातमी लागली. वहिनीचा चेहरा, मागं रडकं संगीत, खाली पट्टी: अभागी माता. नियमाचं बोललेलं सगळं कापलेलं. कुलूपसुद्धा दाखवलं नाही.

आणि एक दिवस टेम्पो परत आमच्या गावात आला. ग्रामपंचायतीसमोर उभा राहिला. “तिथं सिस्टर हाय...” वहिनी दारात तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं, आत गेली, कडी लावून घेतली.

मी चौकात गेले. ड्रायव्हरच्या शेजारचा माईक उचलला.

“ह्यो आवाज माझा हाय. आन् त्यो खोटं बोलतोय. उपकेंद्राला कुलूप हाय. आमची पोर त्या कुलपापायी गेली.”

ड्रायव्हरनं माईकची वायर उपटली. मी तशीच बोलत राहिले. सरपंच बाहेर आले. “गावाची बदनामी करती का? तुमच्या वाड्याला किती बी द्या, रडगाणं हायेच.” माणसं बघत होती. कुणी हसलं. कुणी मोबाईल काढला. शेजारी येऊन कुणीच उभं राहिलं नाही. टेम्पो पुढच्या गावाला निघाला. पार वळणापर्यंत माझा आवाज ऐकू येत होता. माझाच. मला तो थांबवता येत नव्हता.

काम गेलं. मी कुलपासमोर उभी राहून स्वतःच्या मोबाईलवर बोलले, व्हिडिओ टाकला. खाली शिव्या आल्या. जातीवरून, तोंडावरून. थोडे दुसऱ्या गावांतले निरोपही आले: “आमच्यात बी कुलूपच हाय.” लोकांनी फोटो पाठवले. ते मी साहेबांना पाठवले, पेपरवाल्यांना पाठवले, आमदारांच्या ऑफिसात पाठवले. बघितल्याची खूण दिसते. उत्तर येत नाही. सिस्टर आली नाही.

वहिनीला परत दिवस गेलेत. परवा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “ताई, औंदा कुठं जाऊ?”

“माहीत नाही,” म्हटलं. ती थापत राहिली. मग मी मोबाईल तिच्यापुढं धरला. म्हटलं, वहिनी, तू बोल. रडू नको, पदर लावू नको. तुला पाहिजे ते बोल. तिनं पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, “माजी पोर मेली. ह्ये मरू देनार न्हाई. सिस्टर पाठवा.”

ते मी जसंच्या तसं ठेवलंय. एक शब्द कापला नाही.

येत्या ग्रामसभेला ती पोट घेऊन येणार आहे. मी तिच्या शेजारी उभी राहणार. सिस्टर कधी हजर होणार, याचा ठराव सगळ्यांसमोर लिहून, वाचून, सही झाल्याशिवाय आम्ही दोघी खाली बसणार नाही. उठवून बाहेर काढलं तर दारात उभ्या राहू. तिथून हाकललं तर जिल्ह्याला जाऊ, आणि तिथंही उभ्याच राहू.